डबी सापडली, आता बंधारा शोधा: ब्लॅक फॉरेस्टमधले लाकूडवाहतुकीचे बंधारे आणि जिओकॅशिंग

माझं माहेर कोल्हापूरजवळचं, पंचगंगेच्या काठचं. आमच्याकडे बंधारा म्हणजे पाणी अडवायची सोय, पण त्याहून जास्त पलीकडच्या मळ्यात जायची वाट. पावसाळा ओसरला की खांबांच्या उभ्या खाचांमधून बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, सोडायचे आणि मृगाच्या आधी ते काढून ठेवायचे, हे लहानपणापासून बघितलेलं. त्यामुळे जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये एका ओढ्याकाठी शेवाळलेल्या भिंतीत वीतभर रुंदीची सरळ उभी खाच दिसली, तेव्हा ती कशाची हे कुणी सांगावं लागलं नाही. मी तिथे गेले होते जिओकॅशिंगची, म्हणजे जीपीएसच्या आधाराने लपवलेल्या डब्या शोधायच्या खेळातली, एक डबी शोधायला. डबी तीन मिनिटांत सापडली. त्या खाचेपाशी मात्र तासभर गेला, आणि पुढची काही वर्षं रविवार त्यातच जात आहेत.

हा लेख त्या रविवारांचा आहे. कार्ल्सरूहं, श्टुटगार्ट, मानहाइम भागात आता मराठी घरं बरीच आहेत, आणि 'वीकेंडला कुठे जायचं' या प्रश्नाला तितिझे तलाव आणि ककू घड्याळं यापलीकडे उत्तर मिळत नाही, असं ऐकते. त्यांच्यासाठी मुख्यतः. पण रीत कळली की ती बव्हेरियात, ऑस्ट्रियात, स्लोव्हेनियातही चालते.

आधी, हे बंधारे कशासाठी होते

या डोंगरांत सरळसोट वाढणारी फर आणि स्प्रूसची झाडं. खाली ऱ्हाइन नदी, आणि तिच्या टोकाला नेदरलँड्स: जहाजं बांधणारा, दलदलीत खांब रोवून शहरं उभी करणारा, पण स्वतःकडे जंगल नसलेला देश. अठराव्या शतकात इथल्या उत्तम उंच झाडांना 'हॉलंडर टानं' म्हणजे 'हॉलंडवाली फर' असंच नाव पडलं. काल्व गावात १७५५ साली खास या व्यापारासाठी कंपनी निघाली. मुर्ग नदीच्या खोऱ्यात तर लाकूडव्यापाऱ्यांची संघटना त्याहून कितीतरी जुनी आहे. तिचे नियम १४८८ साली लिहून काढलेले आहेत, आणि 'मुर्गशिफरशाफ्ट' या नावाने ती जंगलाची मालक म्हणून आजही टिकून आहे.

अडचण एकच होती. झाडं उभी डोंगरात, आणि तिथले ओढे आपल्या सह्याद्रीतल्या वहाळांसारखे: पावसात अंगावर येणारे, एरवी घोटाभर. अशा पाण्यात वीस मीटरचा ओंडका हलणार कसा? म्हणून वरच्या बाजूला ओढा अडवायचा, रात्रभर पाणी साठू द्यायचं आणि सकाळी दार उघडून एकदम सोडायचं. तो लोंढा तासाभरापुरता ओढ्याची नदी करतो. त्या लोंढ्यावर लाकूड खाली.

यात दोन पद्धती होत्या, आणि जागेवर अवशेष ओळखायला हा फरक उपयोगी पडतो. पहिली 'ट्रिफ्ट': सुटे ओंडके पाण्यात ढकलायचे आणि खाली कुठेतरी अडवून गोळा करायचे. दुसरी तराफ्यांची. ओंडके शेजारी शेजारी बांधून एक तुकडा, 'गेश्टॉर', आणि असे अनेक तुकडे एकामागे एक जोडून वळणावळणाने जाणारा लांबलचक तराफा. बांधायला दोर नव्हे, कोवळ्या फरच्या किंवा हेझलच्या काठ्या भट्टीत तापवून पिळलेल्या. ओंडक्यांच्या टोकांना भोकं पाडून त्या त्यातून ओवायच्या. तराफा पाण्यापेक्षा जोरात धावू लागला तर थांबवायला मागच्या तुकड्यावर ब्रेक असे: तळात रुतवायचा एक ओंडका. नेकार नदीवर ट्युबिंगनची विद्यार्थी मंडळी पुलावरून तराफेवाल्यांना चिडवायची, 'योकेलं, श्पेर!' म्हणजे 'अरे योकेल, ब्रेक लाव!' खालून मिळणारी उत्तरं छापण्यासारखी नसत.

हे सगळं संपवलं रेल्वेने. फोर्ट्सहाइमहून वरच्या एन्त्स खोऱ्यात गाडी १८६८ साली पोचली, मुर्गवरच्या गेर्न्सबाखला १८६९ साली, आणि मधून जाणारी श्वार्त्सवाल्डबान, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टची रेल्वे, १८७३ साली पूर्ण झाली. वरच्या नेकारवरचा शेवटचा तराफा १८९९ साली गेला. बंधारे जागच्या जागी राहिले. लाकडी होते ते कुजले, मातीचे होते त्यांच्यावर झाडं उगवली, दगडी होते ते शेवाळाखाली गेले. २०२२ साली युनेस्कोने तराफ्यांची ही परंपरा जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकिया, पोलंड, लाटविया आणि स्पेन यांचा मिळून अमूर्त वारसा म्हणून नोंदवली, तेव्हापासून काही ठिकाणी माहितीफलक लागले आहेत. फलक नसलेली ठिकाणं अर्थातच जास्त आहेत.

जिओकॅशिंग, दोन मिनिटांत

अमेरिकी सरकार नागरी जीपीएसच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे. ती मे २००० च्या सुरुवातीला बंद झाली. लगेच, ३ मे २००० रोजी, ऑरिगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ डेव्ह उल्मर यांनी जंगलात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. तिथून हा खेळ सुरू झाला. कुणीतरी डबी लपवतं, जागेचे आकडे जाहीर करतं. तुम्ही जाऊन शोधता, आतल्या वहीत नाव लिहिता आणि डबी होती तशी ठेवता. गंमत म्हणजे त्याच ऑरिगनमध्ये ओंडके वाहून न्यायला असेच बंधारे १९५०च्या दशकापर्यंत वापरात होते.

आपल्या कामासाठी तीन प्रकार लक्षात ठेवा. 'ट्रॅडिशनल'मध्ये आकडे थेट डबीचे असतात. 'मल्टी'मध्ये एका ठिकाणाहून पुढचं ठिकाण कळतं, बहुतेक वेळा फलकावरचे आकडे किंवा दगडातल्या खाचा मोजून. 'मिस्टरी'त आधी घरी कोडं सोडवायचं. जुन्या बंधाऱ्यांसाठी सगळ्यात चांगला प्रकार मल्टी, कारण तो लपवणारा माणूस तुम्हाला जागा बघायलाच लावतो. 'दाराच्या डाव्या खांबात किती थर आहेत?' असा प्रश्न आला की समजायचं, लेखक जाणकार आहे.

पहिलं काम घरचं: नावं वाचणं

अ‍ॅप उघडून डब्यांच्या हिरव्या ठिपक्यांमागे धावू नका. आधी नकाशा उघडा, तोही जागांची बारीकसारीक नावं दाखवणारा. या नावांतच निम्मं काम होतं. मुर्गच्या बाजूला बंधाऱ्याला 'श्वालुंग' म्हणतात. नागोल्ड आणि एन्त्स नद्यांवर 'वासरश्टुबं', म्हणजे शब्दशः पाण्याची खोली. किन्त्सिग नदीकडे 'श्वेलवायर', आल्प्समध्ये 'क्लाउझं'. स्लोव्हेनियात इद्रिया इथे पाऱ्याच्या खाणीसाठी लाकूड आणायला बांधलेल्या प्रचंड दगडी बंधाऱ्यांना 'क्लावझे' म्हणतात, तो याच शब्दाचा भाऊ. शिवाय 'रीझं' म्हणजे डोंगरउतारावरून ओंडके घसरवायची घळ, 'पोल्टर' म्हणजे ओंडके रचायची जागा, 'श्पानश्टाट' म्हणजे तराफा बांधायची जागा. एखाद्या ओढ्याच्या वरच्या अंगाला 'रीझं' आणि खाली 'श्पानश्टाट' अशी नावं दिसली, तर मध्ये कुठेतरी पाणी अडवलं असणारच.

दुसरी गोष्ट लिडारचा नकाशा. विमानातून लेझर मारून जमिनीचा उंचसखलपणा मोजतात, आणि त्यातून झाडं वजा करून नुसती जमीन दाखवणारा छायाचित्रासारखा नकाशा निघतो. बाडन-व्युर्टेम्बर्गच्या, म्हणजे ब्लॅक फॉरेस्ट ज्या राज्यात आहे त्याच्या, भूमापन खात्याचा असा नकाशा घरबसल्या बघता येतो. त्यावर दरीला आडवी गेलेली, मध्येच तुटलेली सरळ रेघ शोधा. निसर्ग दरीला काटकोनात सरळ रेघ सहसा मारत नाही. रेघेच्या वरच्या अंगाला तळ सपाट असेल तर जवळजवळ नक्की: तो सपाट भाग म्हणजे गाळाने भरलेलं जुनं तळं.

मग अ‍ॅप. त्या रेघेच्या आसपास डबी आहे का बघा. असेल तर वर्णन पूर्ण वाचा. जर्मन येत नसलं तरी भाषांतर करून वाचा, कारण स्थानिक इतिहासाचं हौशी लेखन कधीकधी इथेच सापडतं. मागचे लॉग, म्हणजे आधी येऊन गेलेल्यांच्या नोंदीही वाचा. लागोपाठ तीन-चार जणांना डबी मिळालेली नसेल तर ती बहुधा गेली आहे. पण तुम्हाला बंधारा बघायचाय, तो कुठे जात नाही.

अवघडपणाचे दोन आकडे असतात, दोन्ही १ ते ५. पहिला शोधण्याचा, दुसरा वाटेचा. लेकरं बरोबर असतील तर वाटेचा आकडा २.५ च्या वर नको. बंधाऱ्यांच्या बाबतीत हा आकडा कमी लिहिलेला असतो असा माझा अनुभव, कारण लपवणारा उन्हाळ्यात गेलेला असतो आणि आपण ओल्या नोव्हेंबरात.

आकड्यांची एक चूक, जी सगळे एकदा करतात

या खेळात अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. उदाहरणार्थ उत्तर ४८° ३९.५००′. फोनवरच्या साध्या नकाशाला बहुतेक वेळा नुसते दशांश अंश लागतात, म्हणजे हाच आकडा ४८.६५८३३. मिनिटांना ६० ने भागायचं विसरून ४८.३९५ टाकलंत तर ठिपका सुमारे २९ किलोमीटर दक्षिणेला जाऊन पडेल. मी एकदा असाच ठिपका बघून 'हे तर अगदी भलत्याच खोऱ्यात आहे' म्हणत बेत रद्द केला होता. चूक आठवडाभराने कळली.

शेवटचा आकडा किती बोलतो तेही माहीत असू द्या. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण १.८५ मीटर, आणि या अक्षांशावर पूर्व-पश्चिम साधारण सव्वा मीटर. कागदावर फारच अचूक. पण अरुंद दरीत उपग्रहांचे संकेत कड्यांवरून आपटून येतात, वर ओली झाडी, त्यामुळे फोन दहा-पंधरा मीटर सहज चुकतो. बाण गोल फिरू लागला की फोन खिशात घाला. इथून पुढे डोळ्यांनी शोधायचं.

फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा. या दऱ्यांत रेंज नसते आणि 'पोचल्यावर बघू' म्हणणारे फाट्यावरूनच परत येतात. अँड्रॉइडवर सी:जिओ नावाचं फुकट अ‍ॅप डब्यांची माहिती साठवून ठेवतं. पॉवरबँक घ्या, थंडीत बॅटरी भराभर उतरते. कागदावर आकडे लिहून घेण्याचा जुनाटपणा मी अजून सोडलेला नाही.

कुठून सुरू करायचं

पहिल्या खेपेला मुर्गचं खोरं घ्या. कार्ल्सरूहंहून एस-बान, म्हणजे उपनगरी रेल्वे, थेट नदीकाठाने वर जाते आणि डॉइचलांड-तिकीट हे देशभराचं मासिक तिकीट चालतं. फोरबाखला उतरा. गावात नदीवर छप्पर असलेला लाकडी पूल आहे, तो बघूनच पुढे निघा. लाकडाचं खोरं म्हणजे काय, त्याची वर्दी तिथेच मिळते. फोरबाखहून 'वेस्टवेग' या लांब पल्ल्याच्या पायवाटेची लाल शंकरपाळ्याच्या आकाराची खूण धरून वर चढत गेलं की श्वार्त्सनबाख धरण लागतं. चढ चांगला दमवणारा आहे. धरणाचा तलाव समुद्रसपाटीपासून ६६८ मीटरवर, फोरबाख त्याच्या अर्ध्याहूनही खाली.

हे धरण १९२२ ते १९२६ दरम्यान विजेसाठी बांधलं. त्याच्या पाण्याखाली याच ओढ्यावरचा एक जुना श्वालुंग बुडाला आहे. म्हणजे तुम्ही काठावर उभे असता तेव्हा खाली एक बंधारा दुसऱ्या धरणाच्या पोटात असतो. वरच्या अंगाला, हेरेनवीज वस्तीच्या दिशेने गेलं की दुसरा मात्र शाबूत आहे. हेरेनवीजचा श्वालुंग, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातला, इथल्या तांबूस वालुकाश्माच्या घडीव चिऱ्यांचा, डागडुजी केलेला. नवख्याने पहिल्यांदा हाच बघावा. पूर्ण उभी भिंत डोळ्यांत बसली की मग पडक्या भिंती ओळखू येतात. उलट क्रमाने गेलात तर नुसते दगड दिसतात.

नागोल्ड खोऱ्यात आल्टनश्टाइगजवळ मोनहार्टची वासरश्टुबं आहे. तिथे पुन्हा उभारलेल्या रचनेत तराफा जायची वाट नीट समजते. एन्त्सच्या उगमाकडे पोपलझे हे छोटं तळं अशाच कामासाठी अडवलेलं. हिमयुगात कोरली गेलेली काही तळीसुद्धा भिंत घालून उंच केली होती. बाड रिपोल्झाउकडचं ग्लासवाल्डझे त्यातलं एक. पावसाने बेत फिसकटला तर शिल्टाख, वोल्फाख आणि गेंगनबाख या तिन्ही गावांत तराफ्यांवरची संग्रहालयं आहेत. शिल्टाखचं जुन्या करवतगिरणीत आहे, मला तेच जास्त आवडतं.

त्या पहिल्या खाचेचा बंधारा यातला नाही. त्याचं नाव सांगत नाही, कारण डबी अजून तिथेच आहे.

ऋतूचं म्हणाल तर एप्रिलची सुरुवात किंवा ऑक्टोबरअखेर. उन्हाळ्यात नेचे कमरेइतके वाढतात आणि भराव दिसेनासा होतो. हिवाळ्यात हेरेनवीजच्या उंचीवर बर्फ असतो.

जागेवर पोचल्यावर

आधी डबी उरकून घ्या. मन तिथेच अडकलेलं असतं. डबी भिंतीतून दगड काढून लपवलेली कधीच नसते, निदान नसावी. पडलेल्या खोडाखाली, मुळांच्या पोकळीत, रस्त्याच्या बाजूला बघा. दगडांमध्ये हात घालून चाचपणं अजिबात नको. भिंतीच्या फटींत वासरआम्झल नावाचा पक्षी घरटं करतो, पाण्यात बुडी मारून तळावरून चालणारा, पांढऱ्या छातीचा गुबगुबीत जीव. वसंतात त्याला उठवलंत तर पिल्लं जातात. खालच्या डबक्यांत काळ्या-पिवळ्या सॅलमँडरची अळी असते, तिथे बूट बुडवू नका.

आता बंधारा. ओढ्याच्या खालच्या बाजूला, पण प्रवाहात नव्हे, काठावर उभे राहा आणि दरीच्या दोन्ही बाजूंना बघा. भिंत मधोमध तुटलेली असली तरी तिची टोकं उतारात घुसलेली राहतात. माती, दगड, वर एखादं म्हातारं झाड. दोन्ही टोकं एका रेषेत आणि एका उंचीवर असली तर ती भिंत.

मग दार शोधा. त्याच्या बाजूचे चिरे बाकीच्यांपेक्षा मोठे आणि नीट घडवलेले असतात, कारण सगळा मार तिथेच. त्यांच्यावर हात फिरवा. उभी खाच लागली, कडा गुळगुळीत असल्या, तर तिथे फळ्या किंवा दार बसत होतं. मी पाहिलेल्या त्या पहिल्या खाचेची खालची वीतभर कड वरच्यापेक्षा जास्त झिजलेली होती. वाळू-खडे घेऊन येणारं पाणी तळाशीच घासतं. लोखंडाचा आकडा किंवा गंजाचा तांबडा ओघळ दिसला तर बिजागरी होती असं समजा.

दाराची रुंदी पावलांनी मोजा. अरुंद आणि तळाशी असेल तर इथून फक्त पाणी सोडत असत. चार-पाच पावलं रुंद, आणि पुढे खाली उतरती फरसबंदी किंवा जाड लाकडांचा उतार असेल, तर इथून तराफाच जात होता. पाण्यात कायम बुडालेलं फरचं लाकूड शतक-दोन शतकं टिकतं, तेव्हा ओढ्याच्या तळाशी आडवे काळे वासे दिसले तर त्यांना 'वाहून आलेलं झाड' समजून सोडून देऊ नका. टोकं करवतीची किंवा कुऱ्हाडीची आहेत का बघा.

शेवटी वरच्या अंगाला जा. तळं कुठवर पसरायचं ते काढायची सोपी युक्ती: भिंतीच्या माथ्यावर बसून फोनमधलं पाणसळीचं अ‍ॅप उघडा, फोन माथ्याच्या उंचीलाच आडवा धरा आणि त्याच्या कडेवरून समोरच्या उताराकडे बघा. नजर जिथे टेकते तिथे पाण्याची कड. बरोबरच्या माणसाला तिथपर्यंत चालायला सांगा. माझ्या मुलीला हे काम फार आवडतं. तिला आम्ही 'पाण्याची रेघ' म्हणतो आणि ती झाडाआडून 'बुडले का?' असं ओरडत राहते.

आता थोडं गणित, पाटीवर नसलेलं. समजा भिंत ४ मीटर उंच, सपाट भाग १५० मीटर लांब आणि सरासरी ३० मीटर रुंद. भिंतीपाशी खोल आणि वर उथळ, म्हणून सरासरी खोली २ मीटर धरली तर ९,००० घनमीटर. बाजूचे उतार वजा जाता निम्मं धरा, ४,५०० घनमीटर. ओढ्याला सेकंदाला १०० लिटर पाणी असेल तर तळं भरायला साडेबारा तास. संध्याकाळी दार लावलं की सकाळी भरलेलं! आणि तेच पाणी वीस मिनिटांत सोडलं तर सेकंदाला पावणेचार हजार लिटर, म्हणजे मूळ ओढ्याच्या साडेसदतीस पट. हा हिशोब तिथेच दगडावर बसून करा. समोरचा झुळझुळता ओढा लगेच वेगळा दिसू लागतो, आणि त्याच्या पात्रातले मोठे धोंडे बाजूला का सारलेले आहेत तेही कळतं.

नियम आणि धोके, थोडक्यात पण गंभीरपणे

बाडन-व्युर्टेम्बर्गमध्ये जंगलात पायी फिरायची सर्वांना मोकळीक आहे. सायकल मात्र दोन मीटरहून रुंद वाटेवरच. पण १ जानेवारी २०१४ पासून श्वार्त्सवाल्ड राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आहे, आणि त्याच्या हद्दीत आखलेली वाट सोडता येत नाही. तेव्हा आपला बंधारा आत पडतो की बाहेर हे निघायच्या आधी बघा. मेटल डिटेक्टर नेऊ नका. परवानगीशिवाय जमिनीतल्या जुन्या वस्तू शोधणं इथे बेकायदा आहे. गंजलेला आकडा आठवण म्हणून घरी आणणं तर नाहीच नाही.

झाडतोड चालू असलेल्या भागात लाल-पांढरी पट्टी आणि 'लेबेन्सगेफार', जिवाला धोका, असा फलक असतो. रविवारी आवाज नसला तरी तो ओलांडू नका, अर्धवट कापलेलं झाड सुट्टी पाळत नाही. शेवाळलेला वालुकाश्म साबणासारखा असतो. माझं मनगट एकदा मुरगळलं ते भिंतीवरून चालायच्या हौसेने, तेव्हापासून भिंतीच्या माथ्यावर फक्त बसते. गोचिडी वर्षातले बरेच महिने असतात. पायमोजात पँट खोचा, घरी आल्यावर अंग तपासा, आणि इथे राहत असाल तर गोचिडीतून होणाऱ्या मेंदूज्वराची लस डॉक्टरांना विचारा. जवळजवळ सगळं राज्य त्या यादीत येतं. वाटेवर हिरव्या पाटीवर पांढरा क्रूस आणि क्रमांक दिसला की त्याचा फोटो काढून ठेवा. तो 'रेटुंग्सपुंक्ट'. ११२ ला फोन लावायची वेळ आलीच तर तेवढा क्रमांक सांगितला की मदत नेमकी पोचते. रेंज असेल तिथवर परत चालायला लागेल, हे धरूनच चाला.

स्वतः डबी लपवायची असेल तर

वीस-पंचवीस डब्या शोधल्यावर ही खुमखुमी येतेच. जमिनीच्या मालकाची परवानगी आधी घ्या. मालक राज्य असेल, गाव असेल किंवा मुर्गशिफरशाफ्टसारखी खासगी संघटना. दुसऱ्या डबीपासून किमान १६१ मीटर अंतर लागतं. झाडाला खिळा नाही, खड्डा खणायचा नाही. आणि माझी स्वतःची अट: बंधाऱ्यापासून किमान शंभर पावलं लांब. मल्टी करा. पहिला टप्पा बंधाऱ्यावर ठेवा, तिथे वस्तू काहीच नको, फक्त प्रश्न. डबी खालच्या वाटेवर, पार्किंगच्या बाजूला. म्हणजे शोधणारे भिंत मोजतात, पण तिच्या फटी उचकटत नाहीत. अशी एक डबी मी लपवली. पहिल्याच महिन्यात दोघांनी तक्रार केली की प्रश्न अवघड आहे. प्रश्न होता, उजव्या खांबात खाच किती बोटं रुंद? बोटं ज्याची त्याची वेगळी, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आता सेंटिमीटर विचारते.

डबीसाठी रबरी कडा असलेला घट्ट झाकणाचा डबा घ्या, साधा प्लास्टिकचा इथल्या ओलीत एक हिवाळाही काढत नाही. वही वेगळ्या झिपच्या पिशवीत. पेन्सिल ठेवा, पेन नको, थंडीत शाई गोठते.

लॉगमध्ये लोक 'डबीबद्दल धन्यवाद' एवढंच, तेही आद्याक्षरांत लिहून मोकळे होतात. दोन ओळी जास्त लिहा: पाणी किती होतं, भिंतीचा कुठला दगड हलला आहे, फलक वाचता येतो का. पुढच्या माणसाला तेच लागतं. कागदाच्या वहीत मी मराठीत लिहिते. त्या पहिल्या डबीत लिहिलं होतं, 'बरगे गेले, खाचा आहेत.' वर्षभराने मुलीला घेऊन परत गेले, तर खाली कुणीतरी जर्मनमध्ये लिहिलं होतं: सुंदर लिपी आहे, काय लिहिलंय? त्याखाली मी एका बंधाऱ्याचं चित्र काढलं, खांब, खाचा, आणि अर्धवट सोडलेला एक बरगा.